फेरीबोटीवरची बगळी

बोट धक्क्याला लागली, खलाशाने दोर टाकला, पुढची फळी खणकन खाली पडली आणि माणसं नेहमीसारखी खांदे पुढे काढून ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या बाजूला उतरून गेली, तरी नोला पेटिफर जागची हलली नाही. ती कठड्याला टेकून उभी होती. हातात पुस्तक उघडं होतं, आणि त्या पुस्तकात, उजव्या पानाच्या मध्यावर, नोला पेटिफरच उभी होती.

"नोला, शहर आलं!" बार्नी खलाशी ओरडला. "झोपलीस का उभ्या उभ्या?"

तिला ऐकू आलं, पण ते तिला उद्देशून आहे हे ध्यानात यायच्या आत फळी वर गेली आणि बोट पुन्हा स्टॉकटनकडे, म्हणजे ती आताच जिथून आली त्या काठाकडे निघाली. पाण्यावर सकाळचं ऊन पसरलं होतं. बंदराच्या तोंडाबाहेर कोळशाची जहाजं रांग लावून उभी होती, आणि पलीकडे पोलादाच्या कारखान्याचा धूर वाऱ्याने मोडून शहरावर टाकला जात होता. हे सगळं रोजचं होतं. आज मात्र ते पानावरून उठून आल्यासारखं वाटत होतं, आणि पान बंद केलं तर तेही मिटेल अशी खुळी भीती तिला वाटली. तिने पुन्हा वाचलं. 'सकाळच्या बोटीवर एक बाई असायची. उंच, काटकुळी, राखी कोटातली. कठड्याशी एका पायावर भार देऊन उभी राहायची आणि पुस्तकात चोच खुपसायची. आम्ही पोरी तिला बगळी म्हणायचो. धक्का आला की पानात बोट घालून उतरायची, बाहेरचं जग म्हणजे दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा असावी तशी. तिला सोडायला किंवा न्यायला आलेलं माणूस आम्ही कधी पाहिलं नाही.' कोट राखीच होता, अजूनही आहे. एका पायावर भार असतो, कारण लहानपणी लाकडी जेटीवरून पडल्यापासून डावा गुडघा धड नाही. चोच म्हणजे नाक असणार. नाकाचं तिला काही वाटलं नाही. पेटिफरांचं नाक सगळ्या स्टॉकटनला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य मात्र आत जाऊन बसलं.

पाणीखात्याच्या कचेरीत ती नकाशे काढायची. शहराच्या पोटातले नळ, झडपा, जुनी गटारं, सगळं पारदर्शक कागदावर काळ्या शाईने. त्या दिवशी ती उशिरा पोचली, आणि शेजारच्या टेबलावरच्या कीथ मॅडॉकने घड्याळाकडे बघून भुवया इतक्या वर नेल्या की त्या टकलापर्यंत गेल्या. "बोट बुडाली की काय?" त्याने विचारलं. ती हसली नाही. तिची रेषा पहिल्यांदाच वाकडी गेली, आणि खरवडून ती पुसताना तिच्या मनात आलं की कुणीतरी आपल्यालाही असंच कागद ठेवून वरून गिरवलंय. आपल्याला न विचारता. शाळेत जाणारी एक पोर बोटीच्या बाकावर बसून पाय हलवत असेल, बरोबरच्या पोरींना कोपराने ढोसत असेल, आणि जगातलं एकही वाक्य हातचं सुटू देत नाही असा तोरा मिरवणाऱ्या आपल्याला मात्र ते रोखलेले डोळे कधी दिसलेच नाहीत. आयुष्यभर आपण दुसऱ्यांची घरं खिडकीतून बघत आलो. आपल्याही घराला खिडकी आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं.

खरं तर हे पुस्तक तिनेच हट्टाने मागवलं होतं. हालिना वोइचिक. नाव दुकानदाराला धड उच्चारता येईना. शहरातल्या मेफील्ड वस्तीतली पोरगी, बाप पोलंडमधून युद्धानंतर आलेला, पोलादाच्या भट्टीवर काम केलेला. आपल्या शहरातल्या बाईने आपल्या शहरावर कादंबरी लिहिली आहे हे कळल्यापासून नोला दुकानात खेपा घालत होती. ही भूक जुनी होती. शाळेत मिस अ‍ॅलरडाइस 'हिवाळ्यातली सकाळ' असा निबंध घालायच्या आणि अख्खा वर्ग, ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, बर्फावर लिहायचा. नोलाने कुंपणावरचा भुरभुरता बर्फ आणि लाल छातीचा छोटा पक्षी इतका हुबेहूब उतरवला की मिस अ‍ॅलरडाइसनी तो वर्गात वाचून दाखवला. बाहेर त्या वेळी बोयट मासळीचे थवे किनाऱ्याला लागले होते, कोळी एकमेकांना हाका मारत होते, आणि त्या हाका खिडकीतून येऊन बर्फावर पडत होत्या. ऐकणाऱ्या कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. पुस्तकं दुसरीकडे घडतात, इथे फक्त आपण राहतो, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. मग सतराव्या वर्षी, सार्वजनिक वाचनगृहात, कव्हर फाटलेली एक कादंबरी हाती लागली, आणि तिच्यात पहिल्याच पानावर पत्र्याच्या छपरावर मांजराएवढा, झाडावर राहणारा पॉसम धावला. नोलाने मान वर केली. वाचनगृहाच्या पत्र्यावरही तोच धावत होता, तीच नखं, तीच खरखर. आतला आवाज कुठला आणि बाहेरचा कुठला हे तिला क्षणभर कळेना. अंगावर काटा आला. आपलं छप्पर, आपला तापलेला उत्तरेचा वारा, मुंग्यांनी भरलेली साखरेची बरणी हे सगळं कुणीतरी लिहिण्याच्या लायकीचं मानलं होतं. त्या दिवशी घरी येताना ती रस्त्यांकडे अशी बघत आली की जणू ते तिच्या मालकीचे झाले होते.

त्यानंतर ती थांबली नाही. या देशात लिहिलेलं मिळेल ते तिने वाचलं: मेंढपाळांचं, खाणवाल्यांचं, नवऱ्याला सोडून गेलेल्या बायकांचं, मग ज्यांची ही भूमी मुळात होती त्या लोकांनी स्वतः लिहिलेलं, जे वाचताना मालकीची तिची भावना खाली मान घालून बसली आणि पुन्हा पहिल्यासारखी कधी उठली नाही. बंदराच्या गोदामात हौशी मंडळी नाटक करायची तेव्हा ती लाकडी खोक्यावर बसून टाळ्या वाजवायची. पलंगाच्या वर कोळसा उचलणाऱ्या यारीचं लाकडी ठशातलं चित्र होतं, आणि चहाची किटली स्टॉकटनच्याच कुंभारणीची, जिच्या झिलईत भट्टीची राख मिसळलेली. कचेरीत यावरून तिची टर उडे. कीथ दर दोन-तीन वर्षांनी लंडनला जाऊन यायचा आणि आल्यावर महिनाभर थंडी वाजल्यासारखं ओठ आवळून तिकडचं इंग्रजी बोलायचा. "आपली पुस्तकं म्हणजे काय," तो म्हणायचा, "दुष्काळ, मेंढ्या, आणि शेवटी कुणीतरी झाडाखाली मरतं." नोला शाई भरता भरता म्हणायची, "आणि तुझ्या तिकडच्या पुस्तकांत पाऊस, चहा, आणि शेवटी कुणीतरी लग्न करतं. मला झाड परवडतं." कचेरी हसायची. पण पुस्तकाला ती तपकिरी कागदाचं कव्हर घालायची. काजळीने खराब होतात म्हणून, असं सांगायची.

दुपारच्या सुट्टीत ती मांस भरलेली पेस्ट्री घेऊन समुद्राकाठच्या पोहण्याच्या कुंडाशी गेली. पुढे वाचायचं नाही असं ठरवून गेली होती. पायरीवर बसली, पेस्ट्रीचा एक घास घेतला आणि पुस्तक उघडलं. बगळी पुढे दोनदा येऊन गेली, ओझरती. मग दक्षिणेकडचा वारा एकाएकी उठतो अशा एका सकाळी लेखिकेने तिला बुडवली. लाटेने बोट उचलली, बाईच्या हातातलं पुस्तक उडालं, ते पकडायला ती कठड्यावरून झुकली आणि गेली. एवढंच. पण मग दोन पानं नुसतं पाणी होतं. ओहोटीचं पाणी बंदराच्या उत्तरेकडच्या भिंतीला घासून कसं वळतं, वरून संथ दिसतं आणि खालून ओढतं. त्यात कोळशाची पूड कशी अभ्रकासारखी चमकते. कोट आधी घंटेसारखा फुगतो आणि मग जड होतो. आणि धक्क्यावरची माणसं ओरडत असताना कारखान्याचा भोंगा वाजतो, पाळी बदलते, शहर आपल्या कामाला लागतं. नोलाच्या पावलांना थंडी भरली. पेस्ट्री हातात तशीच राहिली आणि एका समुद्रपक्ष्याने येऊन तिचा अर्धा भाग पळवला तरी तिला पत्ता नव्हता. पान संपलं तेव्हा तिच्या तोंडून "वा" निघालं. मोठ्याने. शेजारी अंग पुसत असलेल्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

त्या एका शब्दाचाच तिला दिवसभर त्रास झाला. आपण मेलो आणि आपण वा म्हणालो. एखाद्या बाईला थोडातरी अभिमान हवा की नको? आपलं एकटेपण या पोरीने सगळ्या शहरासमोर दोरीवर वाळत घातलं, आणि आपण बघतोय काय, तर चिमटे नीट लावलेत का. संध्याकाळच्या बोटीवर तिने पुस्तक पिशवीत ठेवलं आणि रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. प्रत्येक माणूस आपल्याला ओळखतोय असं वाटत होतं. पण रागाच्या पाठोपाठ ते पाणी यायचं, ती वळणारी ओहोटी, आणि रागाला धरून ठेवणं अवघड व्हायचं. एवढी वर्षं तिने वाट पाहिली होती की कुणीतरी हे बंदर लिहावं. चित्रातल्यासारखं देखणं करून नको, आहे तसं, धुरासकट. ते आलं होतं, आणि आत शिरताना वाटेत तीच उभी होती, एका पायावर.

घरी मर्ल कमरेवर हात ठेवूनच उभी होती. मर्ल तिची थोरली बहीण. नवरा क्लॅरी कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि तिघं आईवडिलांच्या घरात एकत्र राहत. मर्लला पुस्तकांचं वावडं होतं. बातम्या तिला खाटकाच्या दुकानात मिळत.

"तुला बुडवलीय म्हणे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे. शेजारच्या डॉटच्या सुनेने वाचलंय. राखी कोट, लांब नाक, लंगडा पाय. आणखी काय पत्ता द्यायचा राहिला? आणि म्हणे हिचं कुणीच नव्हतं! अगं, तीस वर्षं मी तुझी बटाट्याची सालं काढतेय, मी कोण आहे मग? मीठ?"

"कादंबरी आहे गं ती, मर्ल."

"असू दे कादंबरी. शनिवारी ती बया ग्रंथालयात येणार आहे, वाचून दाखवायला. तू जा आणि चारचौघांत तिला विचार. तू नाही विचारलंस तर मी येऊन विचारीन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."

क्लॅरीने वर्तमानपत्राच्या मागून विचारलं, "भट्टीबद्दल काही आहे का त्यात?"

शनिवारी दुपारी नोला गेली. राखी कोट घालावा की नाही यावर तिने कपाटासमोर बराच वेळ घालवला आणि शेवटी तोच घातला. लपायला गेली असती तर लोकांनी आणखी ओळखलं असतं. ग्रंथालयाच्या वरच्या दालनात खुर्च्या कमी पडल्या होत्या. हालिना वोइचिक तिच्या कल्पनेपेक्षा लहान चणीची निघाली, केस आखूड, हातांचं काय करायचं हे तिलाही कळत नव्हतं, आणि त्याबद्दल नोलाला ती एकदम आवडली, मनाविरुद्ध. पहिल्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून एक म्हातारा बसला होता, तिचा बाप. हालिनाने भट्टीचा भाग वाचला, नंतर मेफील्डच्या स्वयंपाकघराचा. आवाज आधी कापत होता, मग स्थिरावला. नोलाने डोळे मिटले. आपल्या गल्ल्यांची नावं त्या दालनात एकेक करून उच्चारली जात होती, साधीच नावं, कधीही कुणी मोठ्याने न वाचलेली, आणि प्रत्येक नावाला तिच्या छातीत काहीतरी सरळ होऊन बसत होतं.

वाचन संपलं आणि अ‍ॅथॉल ब्रिंडली उठला. त्याचं शहरात फर्निचरचं दुकान होतं, आणि शहराच्या भल्यासाठी जेवढ्या समित्या होत्या त्या सगळ्यांत तो होता. "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे," तो म्हणाला, आणि हालिनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कारण ती याच शहरात जन्मली होती. "पण आमच्या शहराची काय अब्रू ठेवलीत? धूर, काजळी, बेवडे. बाहेरगावच्या लोकांनी हे वाचून इथे यायचं? आणि ती बोट! त्या बोटीवरून असं कुणी कधी पडलंय का? म्हणे पुस्तक वाचवायला जाऊन बाई बुडाली! मला सांगा, असं कोण बुडेल?"

लोक हसले.

"मी बुडेन," नोला म्हणाली.

आपण उभे आहोत हे तिला तेव्हा कळलं. माना वळल्या. कुणीतरी कुजबुजलं, आणि ती कुजबुज कोटावरून, नाकावरून फिरत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. हालिना खुर्चीतून अर्धवट उठली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती बाई मी आहे," नोला म्हणाली. "या मुलीने मला विचारलं नाही. मला ते लागलं, आणि आज घरी जातानाही लागणार आहे. पण अ‍ॅथॉल, तुझ्या दुकानाच्या काचेवरची काजळी तू रोज सकाळी पुसतोस, मी येता-जाता बघते. ती लाजायची गोष्ट आहे असं तुला कुणी सांगितलं? मी शाळेत बर्फावर निबंध लिहिला होता. बर्फावर! तू काय लिहिलं होतंस?"

"मी..." अ‍ॅथॉल घुटमळला. "बर्फच, असणार."

आता हशा वेगळा होता, आणि अ‍ॅथॉलही त्यात थोडासा सामील झाला. "तर मग," नोला म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं मनात होतं, पण "ओहोटी बरोबर लिहिली आहे," एवढंच म्हणून ती बसली. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती, आणि भीती वाटायच्या ऐवजी तिला वाटत होतं की आपण मोठे झालो आहोत, उंच, छताला डोकं लागेल इतके.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मुलीला काहीतरी पोलिश भाषेत विचारलं. तिने वाकून उत्तर दिलं. तो सावकाश उठला, मागे वळून नोलाला शोधलं, आणि बुडालेल्या बाईला मान झुकवून नमस्कार केला.

नंतर जिन्याजवळ हालिनाने तिला गाठलं. "मला वाटलं, तुम्ही गेलात," ती भडाभडा बोलली. "म्हणजे वारलात. मी शाळेत होते, स्टॉकटनच्या मावशीकडून परत येताना सकाळी तुम्ही दिसायचात. मग एक दिवस दिसेनाशा झालात. मी त्या बोटीवर रोज शोधलं."

"कचेरीची वेळ बदलली. मी पुढची बोट धरायला लागले. वेळ बदलली की माणूस मरतं का गं?"

"मी पंधरा वर्षांची होते. मला तसंच वाटलं. खूप रडले होते." तिने नाक ओढलं. "रागावलात?"

"हो," नोला म्हणाली. "राहीन थोडे दिवस. पण मला एक सांग. त्या बाईच्या हातातून पुस्तक उडतं, ते कुठलं, ते तू लिहिलं नाहीस. वाचणाऱ्याला चुटपुट लागते."

"मला कधी दिसलंच नाही. तुम्ही कव्हर घालायचात."

कठड्याच्या नळीवर हात फिरवत नोलाने तो तपकिरी कागद डोळ्यांपुढे आणला, कडा दुमडून, कोपरे बसवून, इतकी वर्षं. काजळी कारण होतीच. पण पुस्तकाचं नाव वाचून कुणी हसेल हेही होतं, आणि ते तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. "इथलंच असायचं," ती म्हणाली. "बहुतेक वेळा इथलंच. पुढच्या आवृत्तीत लिही तसं." हालिनाने तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

रविवारी मेंढीच्या रोस्टचं जेवण झालं, भांडी झाली, आणि मर्लने टेबल पुसून फडकं आपटलं. "सगळ्या गल्लीने वाचलं, फक्त मलाच माहीत नाही की माझी बहीण कशी मेली. काढ ते पुस्तक." नोलाने काढलं. आधी भट्टीचं पान वाचलं, क्लॅरीसाठी. क्लॅरीने घोड्यांच्या शर्यतीचा रेडिओ बारीक केला, मग बंद केला. वितळलेलं लोखंड साच्यात उतरताना रात्रपाळीच्या माणसांचे चेहरे सकाळसारखे दिसतात असं एक वाक्य होतं. "ते परत वाच," तो म्हणाला. तिने परत वाचलं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि त्याने अंगठ्याने डोळ्याचा कोपरा पुसला, धूळ गेल्यासारखा.

मग ती वाऱ्याच्या सकाळवर आली. आवाज तिला वाटला होता तसा फुटला नाही. बोट उचलली गेली, पुस्तक उडालं, राखी कोट कठड्यावरून झुकला. मर्लने टेबलाची कड घट्ट धरली.

"थांब. आधी सांग, वाचते का ती?"

"नाही."

"कुणी उडी मारतं का मागून?"

"नाही, मर्ल."

"मग कशाला वाचतेस मेलं ते?"

"चांगलं लिहिलंय म्हणून," नोला म्हणाली, आणि पान उलटून पाण्यात उतरली.